एक फुफ्फुस निकामी झाल्यावरही कुमार गंधर्व चार दशकं गायले कसे?

कुमार गंधर्वांची गोष्ट बहुतेक वेळा एका वाक्यात सांगितली जाते. क्षयरोग झाला, एक फुफ्फुस गेलं, तरी जिद्दीच्या जोरावर ते गायले. वाक्य खोटं नाही, पण त्यातून बरंच काही निसटतं. मधली पाचेक वर्षं निसटतात, ज्यांत ते अजिबात गायले नाहीत. ज्या औषधानं जीव वाचला ते औषध निसटतं. आणि छातीतली हवा कमी झाली तर आवाज टिकतो कसा, हा साधा प्रश्नही तसाच राहतो.

हा प्रश्न फक्त मैफलीतल्या गवयाचा नाही. सप्ताहात दोन दोन तास उभं राहून कीर्तन करणारे महाराज, साठ पोरांच्या वर्गात दिवसभर बोलणारे गुरुजी, आणि क्षय किंवा न्यूमोनियातून उठल्यावर दोन वाक्यांत धाप लागणारा माणूस, या सगळ्यांचा तो प्रश्न आहे. म्हणून कुमारांचं आयुष्य आज जरा या बाजूनं पाहू.

सुळेभावीचा मुलगा

कुमार गंधर्वांचं मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा. घरची भाषा कन्नड. वडिलांना गाण्याचं वेड. घरात आणि आसपास ग्रामोफोनच्या तबकड्या वाजायच्या आणि हा मुलगा त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. नुसती चाल नव्हे, तर त्या त्या गवयाचा आवाज लावण्याचा ढंग, ताना, थांबणं, सगळं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना एका मठाच्या स्वामींनी त्याला कुमार गंधर्व म्हटलं आणि पुढे जगानं तेच नाव वापरलं.

मग या मुलाचे जलसे सुरू झाले. १९३६ साली मुंबईच्या जीना हॉलमधल्या संगीत परिषदेत तो गायला, तेव्हा वय जेमतेम बारा. समोर नावाजलेले गवई बसले होते. त्या दिवसापासून मुंबईच्या संगीतवर्तुळात त्याचं नाव झालं.

देवधर मास्तरांकडे

नक्कल कितीही हुबेहूब असली तरी ती शेवटी नक्कल. वडिलांनी मुलाला मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे ठेवलं. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. ऑपेरा हाऊस भागात त्यांचं स्कूल ऑफ इंडियन म्युझिक होतं.

आपल्या विषयासाठी देवधरांची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता आणि व्हॉइस कल्चर, म्हणजे आवाज कसा तयार होतो, कसा जोपासायचा, कशानं बिघडतो, हा त्यांचा खास आवडीचा विषय होता. त्या काळी आपल्याकडे आवाजाचा विचार बहुतेक ठिकाणी भल्या पहाटे खर्ज लावा इथे सुरू होऊन तिथेच संपायचा. देवधरांच्या क्लासमध्ये मात्र निरनिराळ्या घराण्यांचं गाणं कानावर पडायचं आणि आवाज ही शरीरातली एक यंत्रणा आहे, याचंही भान होतं. कुमार तिथे शिकले आणि पुढे तिथेच शिकवूही लागले.

तिथेच शिकणाऱ्या भानुमती कंस यांच्याशी १९४७ साली त्यांचं लग्न झालं. वय तेविशीचं, नाव गाजलेलं, मैफली मिळत होत्या. आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं.

मुंबईहून देवासला

क्षयाला तेव्हा राजयक्ष्मा म्हणत आणि ते नाव ऐकलं की घरात शांतता पसरायची. खात्रीचं औषध हाताशी नव्हतं. कोरडी हवा, पूर्ण विश्रांती, चांगलं खाणं, एवढाच उपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात होता. दमट मुंबई सोडून कोरड्या हवेच्या ठिकाणी जा, हा त्या काळचा नेहमीचा सल्ला.

जानेवारी १९४८च्या अखेरीस कुमार आणि भानुमती माळव्यातल्या देवासला आले. देवास हे पवार घराण्याचं जुनं संस्थान. तिथे मराठी माणसं होती, गाण्याची कदर होती, उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा गवई त्या गावात राहत होता. पण हा तरुण तिथे गायला आला नव्हता. त्याला बिछान्यावर पडून राहायचं होतं. गाणं बंद, आणि बोलणंही जेवढ्यास तेवढं. भानुमतींनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं आणि नवऱ्याची शुश्रूषा केली.

क्षयानं गवयाचं नेमकं काय जातं?

इथे जरा थांबून छातीत काय चालतं ते पाहू.

शांत बसलेलो असताना आपण एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो. पण छाती पूर्ण भरून घेतली आणि पूर्ण रिकामी केली, तर निरोगी प्रौढ पुरुष साधारण चार ते पाच लिटर आणि स्त्री तीन ते चार लिटर हवा बाहेर टाकू शकते. गवयाचं भांडवल ते हेच. त्याला आपण दमसास म्हणतो.

ही हवा गळ्यातल्या दोन स्वरतंतूंमधून जाते. ते एकमेकांजवळ येतात, खालून येणाऱ्या हवेच्या दाबानं थरथरतात आणि आवाज निघतो. पुरुषाच्या बोलण्याच्या आवाजात ते सेकंदाला शंभरपेक्षा थोडे जास्त वेळा थरथरतात, स्त्रीच्या आवाजात साधारण दोनशे वेळा. या कामाला सेकंदाला साधारण १०० ते २०० मिलिलिटर हवा लागते.

आता सोपा हिशेब करा. वापरता येईल अशी हवा तीन लिटर आणि खर्च सेकंदाला १५० मिलिलिटर, तर एक स्वर वीस सेकंद धरता येईल. हवा निम्मी झाली तर तोच स्वर दहा सेकंदांत संपेल. फुफ्फुसाचा मोठा भाग निकामी झाला की गवयाचं पहिलं नुकसान होतं ते हे. तिथली जागा व्रण धरते, कडक होते. आजार बरा झाला तरी तो भाग पूर्वीसारखा फुगत नाही.

दुसरं नुकसान दाबाचं. भरलेली छाती फुग्यासारखी असते, ती आपोआप आक्रसते आणि हवेला बाहेर ढकलते. सुरुवातीचा हा दाब जवळपास फुकट मिळतो. छाती रिकामी होत आली की मात्र पोटाच्या आणि बरगड्यांमधल्या स्नायूंना जोर लावावा लागतो. ज्याच्याकडे हवा कमी, तो या कष्टाच्या टप्प्यावर लवकर पोचतो. त्यामुळे तो लवकर दमतो.

तिसरं नुकसान खोकल्याचं. खोकताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात. महिनोन्‌महिने खोकला राहिला तर ते सुजतात. सुजलेले तंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा वाया जाते आणि आवाज घोगरा होतो. क्षय स्वतःही कधी कधी स्वरयंत्रापर्यंत पोचतो.

चौथं नुकसान सगळ्यात फसवं. दम कमी पडतोय असं वाटलं की माणूस नकळत गळा आवळतो आणि आवाज दाबून काढतो. थोडा वेळ भागतं. मग मान दुखते, गळा जळजळतो आणि आवाज बसतो. दोष छातीचा असतो, भोगतो गळा.

म्हणूनच देवासच्या त्या सक्तीच्या मौनाकडे नुसती शिक्षा म्हणून बघता येत नाही. आजारी छातीवर जोर देऊन कुमार गात राहिले असते, तर फुफ्फुसाबरोबर गळाही गेला असता, अशी दाट शक्यता होती.

गाणं बंद, कान उघडे

ही वर्षं रिकामी गेली नाहीत. बिछान्यावर पडल्या पडल्या कुमार ऐकत राहिले. माळव्यातल्या बायकांची जात्यावरची, लग्नाची, सणावाराची गाणी. रस्त्यानं जाणाऱ्या नाथपंथी फकिरांची निर्गुणी भजनं. पाखरांचे आवाज. ज्या मुलानं लहानपणी उस्तादांच्या तबकड्या ऐकून गाणं उचललं होतं, तो आता लोकगीतं ऐकत होता. फरक इतकाच की या वेळी ऐकलेलं लगेच गाऊन दाखवता येत नव्हतं. ते आतच ठेवून त्यावर विचार करावा लागत होता.

त्यातून त्यांच्या लक्षात आलं की रागांचं मूळ या धुनांमध्ये दडलेलं आहे. पुढे त्यांनी अशा धुनांमधून नवे राग उभे केले. मालवती, संजारी, लगनगांधार ही त्यांतली काही नावं. त्यांच्या बंदिशी 'अनूपरागविलास' या ग्रंथात १९६५ साली प्रसिद्ध झाल्या.

औषध आलं

अमेरिकेत १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयाच्या जंतूवर खरोखर काम करणारं हे पहिलं प्रतिजैविक. ब्रिटनमध्ये त्याची शिस्तीत घेतलेली चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे कुमार देवासला आले त्याच वर्षी. भारतात ते पोचायला आणि आजाऱ्यांना मिळायला आणखी काही काळ गेला. १९५२च्या सुमारास हे औषध कुमारांपर्यंत पोचलं आणि ते बरे झाले. एक फुफ्फुस मात्र जवळजवळ निकामी झालेलं होतं.

जिद्दीच्या गोष्टी सांगताना हा टप्पा अनेकदा गाळला जातो. जिद्द नंतर कामी आली. आधी औषध होतं, विश्रांती होती आणि रोज घर सांभाळून सेवा करणारी भानुमतींसारखी बाई होती. यातलं काहीच नसतं तर जिद्दीला वाव मिळालाच नसता. जवळपास पाच वर्षांच्या खंडानंतर, १९५३च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत बसले.

परतल्यावर गाणं कसं होतं?

कुमारांची पन्नास-साठच्या दशकांनंतरची मैफल ऐकली तर काही गोष्टी सहज कानात भरतात. लांबच लांब, दमाची परीक्षा पाहणाऱ्या तानांपेक्षा छोटे, अचानक उसळणारे स्वरसमूह. मधेच थांबणं. मध्य लयीतल्या छोट्या बंदिशींवरचं प्रेम. एक शब्द मोठ्यानं फेकून पुढचा अगदी हलक्या आवाजात ठेवणं.

वरच्या हिशेबाशी हे ताडून पाहा. छोटा स्वरसमूह म्हणजे कमी हवेत पुरा होणारं वाक्य. थांबणं म्हणजे श्वासाला जागा. आवाजाची चढउतार म्हणजे दाब सतत वर न ठेवता हवा तिथेच खर्च करणं, जिथे ती ऐकणाऱ्याला लागते.

पण कमी दमाचा गवई मधेच थांबला तर गाणं तुटल्यासारखं वाटायला हवं. कुमारांचं तसं वाटत नाही. याचं एक उत्तर त्यांच्या तंबोऱ्यांत आहे. तंबोरे लावण्यात त्यांचा हात धरणारा क्वचितच कुणी असेल. मैफलीपूर्वी ते तंबोऱ्यांवर मन लावून वेळ घालवत. इतक्या सुरेल तंबोऱ्यांत सूर मिसळून गवई थांबला, तरी सूर थांबत नाही. तंबोरे तो पुढे चालू ठेवतात. ऐकणाऱ्याला श्वासाची जागा रिकामी वाटत नाही, ती गाण्याचाच भाग वाटते.

दुसरं उत्तर गळ्यात आहे. स्वरतंतू स्वच्छ मिटत असतील तर हवा वाया जात नाही. नेमका लागलेला, खणखणीत सूर कमी हवेत जास्त वेळ टिकतो. घोगरा, हवा गळणारा सूर दुप्पट हवा खातो. म्हणजे कुमारांच्या छातीतलं भांडवल कमी झालं होतं, पण गळा त्यातला थेंबही सांडत नव्हता. निर्गुणी भजनांत त्यांनी वरचे सूर जसे धरून ठेवले आहेत, त्यात हे ऐकू येतं.

मग सगळी शैली फुफ्फुसामुळेच?

असं म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धवट आहे. एक फुफ्फुस निकामी झालेले लोक त्या काळी पुष्कळ होते. त्यांतून कुमार गंधर्व एकच झाला. शिवाय ठरीव क्रमानं राग मांडायचा, एकाच घराण्याच्या चौकटीत राहायचं, ही रीत त्यांना देवधरांच्या क्लासपासूनच पुरेशी वाटत नव्हती. आजार झाला नसता तरी ते वेगळेच गायले असते. माळवा मात्र कदाचित भेटला नसता.

खरं तर असं म्हणावं लागेल की शरीरानं एक मर्यादा घातली आणि त्यांनी गाण्याची मांडणीच अशी केली की मर्यादा दिसेनाशी झाली. दमसास म्हणजे छातीत किती हवा आहे एवढंच नव्हे. ती कुठे खर्च करायची आणि कुठे राखायची, हेही त्यात येतं.

१९६१ साली भानुमतींचं बाळंतपणात निधन झालं. पुढच्या वर्षी कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी लग्न केलं. त्याही देवधरांच्याच शिष्या. वसुंधराताई त्यांच्या मागे बसून साथ करत. इथेही दोन आवाजांचं गणित होतं : एकानं श्वास घ्यावा, दुसऱ्यानं सूर सांभाळावा. देवासच्या घराचं नाव भानुकुल. पुढच्या काळात गीतवर्षा, तांब्यांच्या कवितांचा कार्यक्रम, बालगंधर्वांच्या गाण्यांवरचा कार्यक्रम, असे अनेक प्रयोग त्यांनी केले. 'देव दीनाघरी धावला' या नाटकातलं वाणी जयराम यांच्यासोबतचं त्यांचं गीत तर शास्त्रीय संगीत न ऐकणाऱ्या घरांतही पोचलं. १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण मिळालं.

नांदेड-लातूरच्या कीर्तनकाराला याचा काय उपयोग?

आपल्याकडे हरिनाम सप्ताहात एकाच महाराजांची लागोपाठ कीर्तनं असतात. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रागी पहाटेपासून शबद गातात. सगळ्यांचं हत्यार एकच, श्वास आणि गळा. कुमारांच्या आयुष्यातून त्यांना आणि आजारातून उठलेल्यांना चार गोष्टी घेता येतात.

पहिली, आजार असेल तर आधी उपचार. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार आज साधारण सहा महिन्यांचा असतो, पण तो पुरा करावा लागतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं. गाण्यानं किंवा प्राणायामानं क्षय जात नाही.

दुसरी, व्यायामानं स्नायू बळकट होतात, फुफ्फुस मोठं होत नाही. श्वास सोडण्याचे स्नायू बळकट करायला आता तोंडात धरायची छोटी साधनं मिळतात. आतली झडप ठरावीक जोर लावल्याशिवाय उघडत नाही. पार्किन्सन्सच्या रुग्णांवर त्यांचा बराच अभ्यास झाला आहे. त्यांचा उपयोग होतो, पण हृदयाचा किंवा छातीचा आजार असेल तर डॉक्टर आणि वाचा-उपचार तज्ज्ञ यांना विचारूनच. घरी पाहायची एक साधी खूण म्हणजे दम भरून एकसारखा आ धरणं. निरोगी प्रौढ माणसाला साधारण पंधरा ते पंचवीस सेकंद जमतं. दहाच्या आतच दर वेळी तुटत असेल तर तपासून घ्यावं. कारण छातीत असेल किंवा गळ्यात, ते तज्ज्ञच सांगतील.

तिसरी, वाक्य छोटं करा. धाप लागेपर्यंत ओढू नका. हवा संपण्याआधी थांबा. टाळकरी, पेटी, पखवाज साथीला आहेत, तुमच्या श्वासाएवढा वेळ ते सहज भरून काढतील. कुमारांचे तंबोरे हेच करत होते.

चौथी, बसलेल्या आवाजावर जोर देऊ नका. सप्ताहाच्या चौथ्या दिवशी आवाज बसला तर पाचव्या दिवशीचं कीर्तन दुसऱ्याला द्यावं. त्यात कमीपणा नाही. कुमार गंधर्व पाच वर्षं गप्प राहिले, म्हणून पुढची जवळपास चाळीस वर्षं गाऊ शकले.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचं निधन झालं. ज्या गावात ते पडून राहण्यासाठी आले होते, तिथे ते चव्वेचाळीस वर्षं राहिले. त्यांच्या आवाजाच्या बहुतेक ध्वनिफिती आजारानंतरच्या आहेत. लोक ज्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखतात, तो आवाज एका फुफ्फुसाच्या आधारावर उभा राहिलेला आवाज आहे.